गप्प उभी राहिलेली तीन मुलं: केरळमधल्या एका शाळेचं प्रकरण

गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एका नवीन रुजू झालेल्या बाईंनी विचारलं, "सर, परिपाठात एक मुलगी नुसती उभी राहते. हात जोडत नाही, ओठ हलवत नाही. मी काय करायचं?" उत्तरं भराभर आली. पालकांना बोलवा. समज द्या. लक्ष देऊ नका. केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला. मला मात्र केरळमधली तीन भावंडं आठवत राहिली. १९८५ साली राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल त्यांना शाळेतून काढून टाकलं होतं. त्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो निकाल पाठ असतो, पण शाळा चालवणाऱ्या माणसांनी तो त्यांच्याहून आधी वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही मांडणी केली आहे. मुलांची, पालकांची, शाळेची आणि मुख्याध्यापिकांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

तिघं सख्खी भावंडं होती, एक दहावीत, एक नववीत आणि एक पाचवीत. शाळा कोट्टायम जिल्ह्यातली. कुटुंब 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचं. हा पंथ आपल्याकडे फारसा माहीत नाही. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे भक्ती आणि वंदना फक्त देवाची करायची, राष्ट्राची किंवा त्याच्या चिन्हांची नाही. म्हणून जगात कुठेही ते ध्वजवंदन करत नाहीत आणि राष्ट्रगीत गात नाहीत. पण ते चालू असताना अदबीनं उभे राहतात.

ही तिघं रोज तेच करत होती. सकाळी सगळी शाळा रांगेत उभी राही, 'जन गण मन' सुरू होई, ही मुलं सावधान उभी राहत आणि तोंड मिटलेलं ठेवत. गीतातल्या एकाही शब्दाला त्यांचा विरोध नव्हता. ते गाणं ही कृतीच त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हती. त्यांच्या आधी त्याच शाळेत शिकून गेलेल्या थोरल्या बहिणींनीही असंच केलं होतं. इतकी वर्षं ना शिक्षकांनी हरकत घेतली, ना कुणा पालकांनी. शेजारच्या मुलाला धक्का नाही, चिडवणं नाही, हसणं नाही. रांग बिघडली नाही.

माझ्या मते इथे थोडं थांबायला हवं. शाळेनं या मुलांना नीट सांभाळून घेतलं होतं. लिखित धोरण नव्हतं, बैठक झाली नव्हती, तरी वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. शाळेत अशा कितीतरी गोष्टी शिक्षकांच्या समजुतीवर चालतात. पण समजूत कागदावर नसली की वरून एक प्रश्न आला तरी कोसळते.

अडचण कुठून आली

जुलै १९८५ मध्ये एका आमदारांच्या हे लक्षात आलं. मुलं राष्ट्रगीत म्हणत नाहीत हा देशाचा अपमान आहे, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. काळही तसा होता. इंदिरा गांधींच्या हत्येला वर्षही झालं नव्हतं आणि देशाच्या एकतेचा विषय निघाला की सगळेच हळवे होत. सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. त्या आयोगानं मुलांच्या बाजूनंच सांगितलं: मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही.

चौकशी झाली, मुलं निर्दोष निघाली. तरीही शाळांच्या उपनिरीक्षकांकडून मुख्याध्यापिकांना सूचना आली आणि २६ जुलै १९८५ पासून तिघांना शाळेबाहेर काढण्यात आलं. सरकारचा आदेश येईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्या, अशी विनंती वडिलांनी केली. आपण काही करू शकत नाही, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं.

त्या खोलीत कोणते पर्याय होते

हे प्रकरण वाचताना मी पुन्हा पुन्हा त्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन बसतो. त्यांच्यावर राग काढणं सोपं आहे. पण 'वरून सांगितलंय' हे शब्द किती जड असतात ते आम्हा मुख्याध्यापकांना ठाऊक आहे. फोन येतो, हल्ली व्हॉट्सअॅपवर दोन ओळी येतात, आणि त्या ओळींखाली सही कुणाची नसते. कारवाई मात्र आपल्या सहीनं होते.

पहिला पर्याय होता सूचना आली तशी पाळण्याचा, आणि तोच निवडला गेला. दुसरा म्हणजे लेखी आदेश मागायचा आणि कोणत्या नियमाखाली काढायचं ते विचारायचं. सर्वोच्च न्यायालयात नेमका हाच मुद्दा निर्णायक ठरला, कारण तसा नियम नव्हताच. शिक्षण संचालकांची सप्टेंबर १९६१ आणि फेब्रुवारी १९७० ची दोन परिपत्रकं होती. सकाळची सभा घ्यावी, सगळ्या शाळेनं एकत्र राष्ट्रगीत म्हणावं, अशा अर्थाचं त्यांत म्हटलं होतं. पण मनापासून श्रद्धेची अडचण असलेल्या मुलानंही गायलाच हवं किंवा न गाणाऱ्याला काढून टाकावं, असं त्यांत कुठेही नव्हतं. मुख्याध्यापिकांनी ती दोन परिपत्रकं समोर ठेवून एकदा शांतपणे वाचली असती आणि 'यातलं कोणतं वाक्य मुलांना काढायला सांगतं?' असं पत्र उपनिरीक्षकांना पाठवलं असतं, तर उत्तर देणं अवघड झालं असतं.

तिसरा पर्याय वडिलांनी स्वतःच सुचवला होता: अंतिम निर्णय होईपर्यंत मुलांना वर्गात बसू देणं. माझ्या दृष्टीनं हाच सगळ्यात महत्त्वाचा निर्णयबिंदू आहे. पुढे निर्णय काहीही लागला असता, तरी गणिताच्या तासाला बसल्यानं राष्ट्रगीताचा अपमान होणार नव्हता.

चौथा पर्याय सभा संपल्यावर मुलांना आत घेण्याचा. अनेक शाळा असं करतात आणि त्यांचा हेतू चांगला असतो. मला तो पटत नाही. फाटकाबाहेर रोज दहा मिनिटं उभं राहणारं मूल सगळ्या गावाला दिसतं, आणि आपण काहीतरी चुकीचं करतोय हे त्या मुलाच्या मनात रोज पक्कं होतं. रांगेत उभं राहण्याची त्यांची तयारी असताना त्यांना रांगेबाहेर का काढायचं?

पाचवा पर्याय कुणी उघड बोललं नसेल, पण तो प्रत्येकाच्या मनात येतो: 'नुसते ओठ हलवा, कुणाला कळणार आहे?' शेकडो मुलांच्या आवाजात तीन मुलांचा आवाज नाही हे खरंच कुणाला कळलं नसतं. पण मग आम्ही त्यांना काय शिकवलं असतं? मनात एक आणि तोंडावर दुसरं असलं की शाळेत सगळं ठीक चालतं, हेच ना? त्या तिघांनी खोटे ओठ हलवले नाहीत, याचा मला एक शिक्षक म्हणून आदर वाटतो.

पालकांनी काय केलं

वडिलांनी आधी अर्ज-विनंत्या केल्या. त्या फळाला आल्या नाहीत तेव्हा मुलांच्या वतीनं केरळ उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. एकल न्यायाधीशांनी ती फेटाळली आणि नंतर खंडपीठानंही.

उच्च न्यायालयात जे झालं ते शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावं, कारण आपणही तीच चूक करतो. न्यायालयानं राष्ट्रगीताचे शब्द तपासले आणि त्यात कुणाच्या धर्मभावना दुखावतील असं काही नाही, असं सांगितलं. ते शंभर टक्के बरोबर होतं, पण मुलांनी शब्दांबद्दल तक्रार केलीच नव्हती. वर्गातही आपण असंच करतो. मूल सांगतं एक आणि आपण उत्तर देतो दुसऱ्याच गोष्टीचं. 'या प्रार्थनेत कोणत्याही देवाचं नाव नाही, मग तुला काय अडचण?' असं विचारतो, आणि अडचण हात जोडण्याची आहे की शब्दांची की आणखी कशाची, हे विचारायचं राहूनच जातं.

पुढचा टप्पा सर्वोच्च न्यायालयाचा होता.

निकाल

११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांच्या पीठानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला. त्यातले शाळेच्या कामाचे मुद्दे मी माझ्या शब्दांत सांगतो.

राष्ट्रगीत म्हणायलाच हवं अशी सक्ती करणारा कायदा देशात नाही. राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अपमान रोखणारा १९७१ चा कायदा आहे. तो राष्ट्रगीत म्हणण्यात जाणूनबुजून अडथळा आणणाऱ्याला किंवा ते म्हणणाऱ्या सभेत गोंधळ घालणाऱ्याला लागू होतो. या मुलांनी यातलं काहीच केलं नव्हतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१क मध्ये राष्ट्रगीताचा आदर करणं हे नागरिकांचं कर्तव्य सांगितलं आहे. पण गीत चालू असताना उभं राहणं हा आदरच आहे, आणि गाण्यात सामील झालं नाही म्हणून अनादर झाला असं म्हणता येणार नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं.

मग अनुच्छेद १९(१)(क). भाषण आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर बंधन घालायचं तर ते कायद्यानंच घालावं लागतं, आणि तेही अनुच्छेद १९(२) मधल्या कारणांसाठीच. खात्याचं परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. बोलण्याचं स्वातंत्र्य आहे तिथे गप्प राहण्याचंही आहे, असा या भागाचा अर्थ पुढे घेतला गेला. धर्मस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २५ बद्दल न्यायालयानं जे सांगितलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एखादी श्रद्धा आपल्याला पटते का, ती आपल्या बुद्धीला किंवा भावनेला रुचते का, हा प्रश्न नाहीच. ती मनापासून, प्रामाणिकपणे धरलेली आहे का, एवढंच बघायचं. तशी असेल तर तिला संरक्षण आहे, अर्थात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून.

निकालात अमेरिकेतल्या याच पंथाच्या मुलांच्या खटल्यांचाही विचार आहे. पेनसिल्व्हेनियातल्या दोन मुलांना ध्वजवंदन न केल्याबद्दल शाळेतून काढलं गेलं होतं आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळेची बाजू घेतली. त्यानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. तीनच वर्षांत, १९४३ मध्ये, त्याच न्यायालयानं वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात आपला निर्णय फिरवला. तेव्हा दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. युद्धाच्या काळात एखादा देश आपल्या शाळकरी मुलांना गप्प उभं राहू देऊ शकतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

निकालाच्या शेवटी न्यायमूर्तींनी म्हटलं: आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुतेचा उपदेश करतं, आपली राज्यघटना सहिष्णुता आचरते, ती आपण पातळ करू नये. मुलांना शाळेत परत घ्यावं, त्यांच्या शिक्षणात अडथळा येऊ देऊ नये आणि त्यासाठी लागणाऱ्या सोयी द्याव्यात, असा आदेश झाला.

पण वर्ष गेलं

२६ जुलै १९८५ ते ११ ऑगस्ट १९८६ म्हणजे एक वर्ष आणि सोळा दिवस. थोरलं भावंड दहावीत होतं. दहावीचं वर्ष काय असतं हे मराठी घरात सांगावं लागत नाही. घरातला टीव्ही बंद होतो, पाहुणे यायचे थांबतात, आई पहाटे उठून चहा करते. ते वर्ष त्या मुलाचं तारखा आणि निकालाची वाट पाहण्यात गेलं. न्यायालयानं हक्क परत दिला, शाळेतलं वर्ष कुणीच परत देऊ शकत नव्हतं. म्हणून या प्रकरणाला 'यशस्वी' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नंतर काय काय झालं

हा निकाल अजून जिवंत आहे. आपल्याकडे नाशिकमधल्या एका शिक्षकांचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. ते शाळेच्या प्रार्थनेला उभे राहत, पण हात जोडत नसत. त्यावरून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये उच्च न्यायालयानं हात जोडायची सक्ती त्यांच्या मूलभूत हक्कांविरुद्ध ठरवली. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत धार्मिक उपासनेला संमतीशिवाय कुणाला हजर राहायला लावता येत नाही, असं सांगणारा अनुच्छेद २८(३) तिथे आधाराला होता. केरळच्या मुलांचं चित्रच जणू पुन्हा समोर आलं, फक्त या वेळी रांगेसमोर उभा असलेला माणूस गप्प होता.

कर्नाटकातल्या हिजाबच्या वादातही या निकालाची आठवण निघाली. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. मुलींच्या बाजूनं निर्णय देणाऱ्या न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी केरळचा निकाल या प्रकरणाला तंतोतंत लागू होतो असं म्हटलं. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांचं मत उलट होतं. म्हणजे गप्प उभं राहणं आणि डोक्यावर कापड घेणं या दोन गोष्टी एकाच मापानं मोजायच्या का, यावर जाणकारांतही एकमत नाही. मला विचाराल तर दोन्हीकडे शाळेनं आधी एकच गोष्ट बघावी: या मुलामुळे दुसऱ्या कुणाचं शिकणं अडतंय का?

एक बदल मात्र पक्का झाला आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आठवीपर्यंतच्या मुलाला त्या कायद्यानं शाळेतून काढता येत नाही, आणि मानसिक त्रास देण्यालाही मनाई आहे. तिघांतल्या पाचवीतल्या धाकट्या भावंडाला आज कुणी काढू शकलं नसतं. दहावी-नववीतल्या दोघांना मात्र हे कवच आजही नाही.

काय वेगळं करता आलं असतं

आमदारांनी आधी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना भेटायला हवं होतं. सभागृहात प्रश्न गेला की तीन मुलांचं वागणं राज्याचा विषय होतं आणि मग कुणालाच मागे येता येत नाही. सरकारनं नेमलेल्या आयोगानं मुलं निर्दोष ठरवल्यावर फाइल तिथेच बंद व्हायला हवी होती. उपनिरीक्षकांना कसली भीती वाटली असेल याचा मी अंदाज करू शकतो, पण भीतीचं ओझं त्यांनी पाचवीतल्या मुलाच्या खांद्यावर टाकलं.

आणि शाळेनं? थोरल्या बहिणींच्या वेळीच एक साधी नोंद ठेवता आली असती. पालकांचं पत्र, त्यावर मुख्याध्यापकांचा शेरा: 'विद्यार्थिनी राष्ट्रगीताच्या वेळी सावधान उभी राहते, श्रद्धेच्या कारणानं गात नाही, शिस्तीची तक्रार नाही.' तारीख, सही. विधानसभेत प्रश्न आला त्या दिवशी हा कागद शाळेची ढाल झाला असता.

आमच्या शाळेत आम्ही हे सुरू केलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घेतला. राष्ट्रगीताला सगळे सावधान उभे राहतील, एवढं सगळ्यांसाठी ठरलं. कुणाला गाण्यात अडचण असेल तर पालकांशी बंद खोलीत बोलायचं, मुलाला रांगेसमोर उभं करून विचारायचं नाही. प्रार्थनेचं अजून पुरतं सुटलेलं नाही. आमची शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते आणि अशा शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं अनुच्छेद २८(१) सांगतो. पण परिपाठातली प्रार्थना म्हणजे धार्मिक शिक्षण का, यावर समितीत दोन तास बोलूनही मतं दोनच राहिली. केंद्रीय विद्यालयांतल्या 'असतो मा सद्गमय' या प्रार्थनेबद्दलची याचिका जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मोठ्या पीठाकडे जावी म्हणून पाठवली, यावरूनच तो प्रश्न किती अवघड आहे ते कळतं. तूर्त आमच्याकडे हात जोडणं ऐच्छिक आहे आणि शिक्षकांनाही तेच लागू आहे.

परिषदेतल्या त्या बाईंना मी नंतर फोन केला आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी मुलीच्या आईशी बोलून घेतलं होतं, कारण समजलं होतं, वहीत नोंदही केली होती. मग त्यांनी विचारलं, "पण सर, बाकीची मुलं मला विचारतात, बाई, ती का म्हणत नाही? त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा, ती आपल्यासोबत उभी आहे. आणि मग पुढची ओळ म्हणायला लागा."